बाराव्या जागेची शिवण

मास्तरांना सुट्टी मानवत नाही, हे त्यांच्या बायकोचं मत होतं आणि ते काही खोटं नव्हतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ताडपत्र्या, तंबू, ट्रकवरची आच्छादनं शिवणारे मास्तर. दुकानात दोन दणकट मशिनी, भिंतीला टेकवलेले कॅनव्हासचे तागे, आणि मधोमध हा माणूस. सकाळी मान खाली घातली की ती दिवेलागणीलाच वर व्हायची. सुट्टीच्या दिवशीसुद्धा शटर अर्धं उघडं. घरी बोलायचं तर 'हं' आणि 'बघू', एवढ्यावर गाडी अडलेली. बायकोनं बारा वर्षं ते ऐकून घेतलं. मग एके दिवशी ताटं वाढता वाढता तिनं अगदी शांतपणे सांगितलं, की मी आणि चिंगी चार दिवस माझ्या भावाकडे जाऊन राहणार आहोत, आणि चाराचे किती होतील ते आत्ताच सांगता येत नाही.

ती चिडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण ती चिडली नव्हती. चिंगी नऊ वर्षांची, समोर बसून घास चिवडत होती आणि एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. 

"त्यापेक्षा आपण तिघंच कुठेतरी जाऊ," ते म्हणाले. "दोन दिवस. तलावाकाठी तो कॅम्प आहे ना सगळ्यांसाठी उघडा, तिथे. तंबू आपलाच आहे."

"आणि दुकान?"

"दुकानाचं नावही काढणार नाही."

"सुई?"

"सुईही नाही," मास्तर म्हणाले. "शब्द देतो."

बायकोनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बघू," ती म्हणाली, त्यांच्याच सुरात. चिंगी खुदकन हसली.

तर असे हे तिघं शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पवर येऊन पोचले. जागा बरी होती, नाही म्हणायला नको. एकच फाटक, फाटकातून आत गेलेला खडीचा रस्ता, तो गोल वळसा घालून पुन्हा त्याच फाटकाशी येतो. वळशाच्या दोन्ही अंगांना चोवीस जागा. प्रत्येक जागेला तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीचं हिरवं कुंपण, आत जमिनीत रोवलेलं लाकडी टेबल, दगडांची चूल, आणि तोंडाशी नंबर लिहिलेला खांब. आत गाडी लावली की छप्पर नसलेल्या खोलीत बसल्यासारखं वाटायचं. तलाव होता तिथेच, पन्नास पावलांवर, पण कुंपणामुळे दिसायचा नाही. नुसता वास यायचा, ओल्या दगडांचा.

फाटकावर एक पन्नाशीची बाई होती. गळ्यात शिट्टी, कमरेला किल्ल्या. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून यांनीही म्हटलं. तिनं यांना अकरा नंबर दिला. चूल पाण्यानं विझवा, कचरा पिशवीत बांधा, फाटक संध्याकाळी सहाला बंद ते सकाळी आठपर्यंत, असं सगळं एका दमात सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बारा नंबरला कुणीतरी असतं. त्यांचा काही त्रास नाही."

"कोण असतं?" बायकोनं विचारलं.

"त्रास नाही," मावशी म्हणाली आणि मागच्या गाडीकडे वळली.

शनिवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मायलेकी पाण्यात पाय बुडवायला गेल्या. मास्तरांना म्हणाल्या, तुम्ही बसा, आराम करा. आता बसणं हे एक काम मास्तरांना कधी जमलेलं नाही. त्यांनी कप विसळले. आपल्या तंबूच्या खुंट्या तपासल्या. खाकी कॅनव्हास, चारही कोपऱ्यांना दुहेरी पट्टी, स्वतःच्या हातचं काम, त्यात काय खोट निघणार? मग ते टेबलाशी येऊन बसले आणि कुंपणाच्या एका विरळ जागेतून त्यांना बारा नंबरचा तंबू दिसला.

जुना, हिरवा, जाड कापडाचा. असलं कापड हल्ली मिळत नाही. तंबूची पाठ यांच्याकडे होती, आणि त्या पाठीवर वरून खाली सरळ एक फट होती. अडीच फुटांची. मास्तरांनी मान तिरकी करून पाहिलं. फाटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. कडांचे धागे सुटून लोंबत होते आणि उन्हानं पांढरे पडले होते, म्हणजे हे कालपरवाचं नव्हतं. एवढा चांगला माल, आणि कुणी वर्षानुवर्षं असा उघडा टाकावा? पावसाचं पाणी आत जात असेल, किडा-मुंगी जात असेल. मास्तरांचे हात शिवशिवायला लागले.

सुई घरी ठेवायची ठरली होती. पण शर्टाच्या कॉलरखाली टोचलेली सुई मास्तरांच्या लेखी सुई नव्हतीच. ती शर्टाचाच भाग होती. तशीच खिशातली मेण लावलेल्या केशरी दोऱ्याची गुंडी.

"आहे का कुणी?" त्यांनी कुंपणापाशी जाऊन विचारलं. दोरीवर एक टॉवेल वाळत होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. उत्तर आलं नाही. दहा मिनिटांचं तर काम, ते मनात म्हणाले. परत आल्यावर बिचारे खूशच होतील. आणि त्या दोघी पाण्यावरून यायच्या आत आपण इथे टेबलाशी बसलेले असू.

ते कुंपणातून पलीकडे गेले, गुडघ्यांवर बसले आणि खालच्या टोकापासून शिवायला घेतलं. उलटी टीप, त्यांची नेहमीची. दोन बोटं पुढे, एक बोट मागे. तंबूचं कापड सैल असलं की असं काम एकट्यानं करणं कठीण जातं. सुई टोचली की कापड आत पळतं. पहिल्या दोन टाक्यांना ते पळालंच. तिसऱ्या टाक्याला मात्र कापड छान ताणलेलं लागलं. मास्तरांना बरं वाटलं. वारा असेल, त्यांना वाटलं.

पाचव्या टाक्याला त्यांनी सुई आत ढकलली आणि ती परत बाहेर काढायला बोट वळवलं, तर सुईचं टोक आधीच बाहेर आलेलं होतं. नेमकं हवं तिथे, कडेपासून पाव इंचावर.

मास्तर थांबले. मग त्यांना उलगडा झाला आणि ते ओशाळले. आत माणूस होता तर! त्यानं आतून कापड धरलं होतं आणि सुई परत देत होता.

"अहो, झोपमोड झाली का? राहू द्या, मी करतो," ते म्हणाले.

 पण कापड ताणलेलंच राहिलं. मग मास्तरांनीही फार विचार केला नाही, आणि त्यांची चूक झाली ती इथे. जाड कापडाला दोन बाजूंनी दोन माणसं बसून शिवण्याची मजा ज्यानं घेतलीय त्यालाच ठाऊक. मास्तरांचा मदतनीस दुकान सोडून गेल्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून असा हात त्यांना मिळाला नव्हता. सुई आत जायची, सुई बाहेर यायची. ना घाई, ना ढिलाई. दोऱ्याला कुठे गाठ पडली नाही, एक टाका वाकडा नाही. आतल्या माणसानं स्वतःलाच आतून शिवून घ्यायला इतक्या तत्परतेनं मदत का करावी, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कामाच्या नादात असलं काही सुचत नाही हो.

वरच्या टोकाला त्यांनी गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. "झक्क झालं," ते म्हणाले.

तेव्हा आतून एक बोट शिवणीवरून फिरलं. वरून खालपर्यंत, सावकाश. कापडाला बाहेरच्या बाजूनं त्याचा उंचवटा दिसत होता. प्रत्येक टाक्याशी ते क्षणभर थांबत होतं. मास्तर स्वतः काम तपासताना जसं फिरवतात तसंच. तळाला पोचल्यावर बोट निघून गेलं आणि कापड एकदम सैल पडलं.

मास्तर उठले आणि जरा भरभरच कुंपणातून परत आले.

मायलेकी येऊन उभ्याच होत्या. चिंगी डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, दात वाजवत होती. बायकोनं मास्तरांच्या मातीनं भरलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग शर्टाला चिकटलेल्या केशरी दोऱ्याच्या तुकड्याकडे पाहिलं.

"दोनच दिवसांचा तर शब्द होता हो तुमचा," ती म्हणाली.

एवढंच. भांडली असती तर काही बोलता आलं असतं. चिंगीला कोरडे कपडे दिले, तंबूत जाऊन बदलायला सांगितलं, आणि स्वतः टॉवेल पिळत बसली. मास्तर तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले. ही बाई आता सोमवारी भावाकडे जाणार, पोरीला घेऊन जाणार, आणि आपण दुकानात दोन मशिनींच्या मध्ये बसणार, हे त्यांना लख्ख दिसलं. काहीतरी बोलायला हवं होतं. ते तोंड उघडणार एवढ्यात मावशी आली, फेरीवर. ती यांच्याकडे बघतही नव्हती. कुंपणाच्या विरळ जागेतून पलीकडे बघत होती.

"ते कुणी शिवलं?"

"मी," मास्तर म्हणाले. "उघडं होतं म्हणून..."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मावशीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ती फट ठेवलेली असते. मी कामाला लागल्यापासून आहे ती. माझ्या आधीच्या बाईनं मला पहिल्या दिवशी तेवढं एकच नीट दाखवलं होतं."

"आत माणूस होता, त्यानं तर मला..."

"दिसला?"

"नाही. सुई परत देत होता."

मावशीनं कमरेच्या किल्ल्या मुठीत धरल्या. मग बायको तिकडे चूल विझवायला गेलीय हे पाहून हळू आवाजात म्हणाली, "आधी उसवा जाऊन. आत्ताच्या आत्ता. फट असली की कुणाचं काही अडत नाही. आणि उसवून झालं की गाडी काढा. फाटक उघडंच आहे."

"पण आहे कोण तो?"

"मला कशाला विचारता? शिवताना विचारायचं होतं," मावशी म्हणाली आणि जवळजवळ पळतच फाटकाकडे गेली.

मास्तर पलीकडे गेले. हिरव्या तंबूच्या पाठीशी बसले. बसले आणि नुसते बघत राहिले, कारण तिथे उसवायला काही नव्हतं. केशरी दोरा नव्हता. टाके नव्हते. फटही नव्हती. हिरवं कापड वरपासून खालपर्यंत सलग होतं, त्यावर जुनं शेवाळ चढलेलं, तेही सलग. त्यांनी दोन्ही हातांनी ते चाचपलं. कापलेलं कापड कितीही बेमालूम सांधलं तरी मास्तरांच्या बोटांना ते कळतं. तीस वर्षं हीच बोटं त्यांना जेवू घालत होती. हे कापड कधी कापलंच गेलं नव्हतं.

त्यांनी वळसा घालून पुढून पाहिलं. दाराचा पडदा बाजूला होता आणि आत कुणीही नव्हतं. जमिनीवरच्या सतरंजीवर बसलेल्या माणसाएवढा एक खोलगट भाग होता. मास्तर बघत असताना तो हळूहळू सपाट झाला, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा.

ते धावतच परत आले. "चला, निघायचं," ते बायकोला म्हणाले.

"आता काय झालं? कुणी ताडपत्री टाकून गेलं का दुकानात?"

"तसं नाही गं. घरी जाऊ. नाहीतर दुसरीकडे जाऊ, तू म्हणशील तिकडे जाऊ. पण इथून निघू." त्यांचा आवाज ऐकून तिनं वर पाहिलं. बारा वर्षांत हा माणूस असा कधी बोलला नव्हता. तिच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या.

"बरं बाई," ती म्हणाली. "मी भांडी भरते. चिंगी आत आहे, केव्हाची बदलतेय कपडे, बघा जरा."

मास्तर आपल्या तंबूपाशी गेले, दाराचा पडदा उचलला आणि आत शिरले.

चिंगी कोरड्या फ्रॉकमध्ये, मांडी घालून बसली होती. केसांचं रबर दातांत धरलं होतं. "बाबा, काका गेले?" तिनं विचारलं.

"कोणते काका?"

"इथे बसले होते ते. पाठ करून. मी म्हटलं, मला कपडे बदलायचेत, तर म्हणाले बदल, मी नाही बघत."

मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले. "आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, बाबा येईपर्यंत बसतो. बाबा आला की मी निघतो."

मास्तरांनी तिचा हात धरला, पडदा उचलला आणि तिला घेऊन बाहेर पडले.

बाहेर तंबू होता. आत होता तसाच. कोपऱ्यात चिंगीचे ओले कपडे, शेजारी तिची पिशवी. मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे पडदा हलत होता. त्यांनी तो पुन्हा उचलला. पुन्हा बाहेर पडले. ओले कपडे. पिशवी.

"बाबा, आपण गोल गोल का फिरतोय?"

"गंमत गं," मास्तर म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी आधी नुसतं डोकं बाहेर काढलं आणि समोरच्या तंबूत त्यांना स्वतःची पाठ दिसली, पडद्यातून बाहेर वाकलेली. त्यांनी डोकं आत घेतलं. समोरची पाठही सरकली. पुन्हा त्या दाराला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, हे फार वाईट होतं. भांड्यांचा आवाज. कुणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या. दूर मुलं पाण्यात ओरडत होती. बायको भांडी पिशवीत भरत होती, पाच-सहा पावलांवर. मास्तरांनी तिला हाक मारली. मग ओरडून मारली. चिंगीनं 'आई' म्हणून किंकाळी फोडली. बायको थांबलीसुद्धा नाही.

"ती दोरी पण घ्या हं," ती बाहेर कुणाला तरी म्हणाली. मग जरा थांबून, "असू दे, मी धरते ना." मावशी मदतीला आलेली दिसतेय, मास्तरांना वाटलं.

त्यांनी कापडावर मुठी आपटल्या. कापड ढोलासारखं ताणलेलं होतं. आणि ते आता खाकी नव्हतं. उजेड हिरवा झाला होता. केव्हा झाला ते कळलं नाही. चिंगीचा चेहरा, हात, पांढरा फ्रॉक, सगळं हिरवट दिसत होतं. पायाखाली सतरंजी होती, तिच्यावर बसलेल्या माणसाएवढा खोलगट भाग.

"बाबा, मला घरी जायचंय," चिंगी म्हणाली. आता ती रडायच्या बेतात होती.

"जाऊ. जाऊ या." मास्तरांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर वरून खाली केशरी शिवण होती. उलट्या बाजूनं. उलट्या टिपेची सुलट बाजू मशीनसारखी साधी, सरळ दिसते. उलट्या बाजूला दोरा दोऱ्यावर चढून पीळ पडलेला असतो. कामाची ती बाजू गिऱ्हाईक कधी बघत नाही, फक्त कारागीर बघतो. मास्तरांनी ती बघितली. एक टाका वाकडा नव्हता.

दुधाच्या पिशव्या कापायची कात्री बाहेर टेबलावर होती. चाकू बायकोच्या पिशवीत. मास्तरांनी कॉलरखालची सुई काढली, शिवणीशी बसले आणि मधलाच एक टाका उचकटला. मेणाचा दोरा, मुरून बसलेला. नखानं धरला, दातानं तोडला. दुसरा टाका. तिसरा. बोटभर उजेड आत आला. खरा, पिवळा उजेड.

"बाबा, दिसतंय! बाहेर दिसतंय!"

चौथा, पाचवा, दहावा. मास्तरांना घाम फुटला. खालचे टाके उसवत ते वीतभर खाली आले आणि त्यांनी वर पाहिलं. वरचे टाके परत बसले होते. कुणी शिवताना दिसलं नाही. नुसता दोरा जागच्या जागी आवळत येत होता, एकेक करून. त्यांनी वरून उसवलं, तर खालून बंद व्हायला लागलं.

मग त्यांनी दोन्ही टोकांत दोन हातांची बोटं घातली आणि धरून ठेवली. दोरा बोटांवर आवळला, पण थांबला. फट राहिली. दहा इंच.

मास्तरांनी हिशेब केला. आयुष्यात इतकं झटपट माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं. दहा इंची फट म्हणजे वेढा वीस. चिंगीच्या फ्रॉकचे गळे तेच बेततात, तिच्या डोक्याचं माप त्यांना तोंडपाठ: साडेवीस. तिरपं ओढलं तर या कापडाला अर्धा इंच ताण मिळतो. डोकं गेलं की बाकीचं जातं.

त्यांचं स्वतःचं डोकं तेवीस. आणि टोकं धरून ठेवायला कुणीतरी आत हवंच होतं.

"चिंगे, नीट ऐक. डोकं घाल. कान दुमडतील, दुखेल, रडायचं नाही. बाहेर पडलीस की धावत आईकडे जा. सांग, बाबा आत अडकलाय, कात्री आण. टेबलावर आहे. कळलं?"

"तू पण चल."

"तू कात्री आण, मग मी आलोच."

"नक्की?"

"नक्की," मास्तर म्हणाले.

तिनं डोकं घातलं. मास्तरांनी कापड तिरपं ओढलं. दोरा बोटांत रुतला, रक्त मनगटावर आलं. ती कण्हली, अडकली, आणि मग एकदम डोकं पलीकडे गेलं. खांदा गेला. दुसरा गेला. मास्तरांनी पायानं तिला ढकललं. तिच्या चपला आत पडल्या आणि ती बाहेर मातीत धप्पकन पडली.

पोरगी बाहेर होती. मास्तरांच्या जिवात जीव आला. बोटांचं काय व्हायचं ते होवो.

"पळ!" ते ओरडले.

ती पळाली. अनवाणी पावलांचा आवाज कुंपणातून पलीकडे गेला. फटीतून मास्तरांना फक्त कुंपण दिसत होतं. पण ऐकू मात्र स्वच्छ येत होतं.

"आई! बाबा आत अडकलाय! कात्री दे!"

"कुठे होतीस गं तू इतका वेळ?" बायकोचा आवाज. "तंबू गुंडाळून गाडीत गेला, तरी तुझा पत्ता नाही. आणि हे खरचटलं कुठे? कानाला बघ काय झालंय."

"अगं, बाबा आत आहे! हिरव्या तंबूत!"

"वेडी का काय? बाबा हा इथे आहे."

रेडिओ चालूच होता. 

"बघू गं," एक आवाज म्हणाला. "बघू कान."

तो मास्तरांचा आवाज होता. घसा खाकरून बोलायची सवयसुद्धा.

मास्तर ओरडले. पोरीचं नाव घेऊन ओरडले, बायकोचं घेऊन ओरडले.

  मग बाहेरून चिंगीचा आवाज आला, बारीक.

"तू बाहेर कसा आलास?"

"तू आलीस तसाच."

"पण तू तर धरून..."

"चल," तो आवाज म्हणाला. "आईला भूक लागलीय. वाटेत कुठेतरी थांबू. तू सांगशील तिथे."

"दुकान नाही उघडायचं?" बायको.

"कसलं दुकान?"

बायको हसली. मोकळं हसली. असं हसताना मास्तरांनी तिला शेवटचं कधी ऐकलं होतं, त्यांना आठवेना.

त्यांच्या बोटांतला दोरा आवळत होता. डाव्या हाताची दोन बोटं आता त्यांना जाणवत नव्हती. फट आठ इंच झाली. सहा झाली.

"चिंगे!" ते म्हणाले. ओरडायला आता आवाज उरला नव्हता. "त्याच्याबरोबर जाऊ नकोस."

खडीवर पावलं वाजली. तीन माणसांची. गाडीचं पुढचं दार लागलं, बायकोच्या बाजूचं. मग मागचं उघडलं, चिंगीचं.

त्या दाराला एक खोड होती. नुसतं लोटून ते कधी लागायचं नाही. बायको तीन-तीनदा आपटायची, मेकॅनिकनंही हात टेकले होते. खालून तळवा लावून दार केसभर वर उचलायचं आणि मग ओढायचं, तर ते लागायचं. ही युक्ती मास्तरांनी कुणालाच कधी सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

मास्तर कान देऊन ऐकत राहिले. दार आपटेल म्हणून वाट बघत राहिले.

ते एकदाच वाजलं, अगदी हळू, आणि लागलं.